पीसीआय एक्सप्रेस कार्डाच्या ड्रायव्हरचं एचएलके प्रमाणपत्र: व्हीएमवर काय भागलं, फिजिकल मशीनवर काय फुटलं

१० फेब्रुवारी २०२५

वाळूज एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. कंपन, ताण आणि तापमान मोजणारं पीसीआय एक्सप्रेस कार्ड आम्ही बनवतो. कार्डावर आर्टिक्स-७ ३५टी एफपीजीए (आतलं सर्किट फाइल भरून ठरवता येतं अशी चिप), आणि विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टच्या केएमडीएफ या चौकटीवर घरीच लिहिलेला ड्रायव्हर. गिऱ्हाइकं बहुतेक इथलीच: वाळूज-शेंद्र्यातले गिअर आणि ब्रेकचे टेस्ट रिग, जालन्यातले सळईचे कारखाने.

आजवर ॲटेस्टेशनच्या, म्हणजे एचएलकेच्या चाचण्यांशिवाय मिळणाऱ्या, सहीवर भागत होतं. पोर्टलवर ड्रायव्हर चढवायचा, मायक्रोसॉफ्टची सही होऊन यायचा, विंडोज १० वर बसायचा. आता जालन्याच्या एका गिऱ्हाइकाने मोजमापाचा संगणक विंडोज सर्व्हर २०२२ वर नेला आहे, आणि सर्व्हर २०१६ पासून पुढे ॲटेस्टेशनची सही चालत नाही. ड्रायव्हर लोडच होत नाही. तिथे हार्डवेअर लॅब किटच्या, म्हणजे एचएलकेच्या, चाचण्या पास करूनच सही मिळते. सोबत विंडोज १० एंटरप्राइज एलटीएससी २०१९ चंही प्रमाणपत्र मागितलंय. त्या आवृत्तीला जानेवारी २०२९ पर्यंत सपोर्ट आहे आणि कारखान्यातली मशीनं तोवर कुणी बदलत नाही, त्यामुळे मागणी रास्त आहे.

आमच्याकडे कार्ड बसेल अशी मोकळी फिजिकल मशीनं नाहीत. म्हणून आधी जेवढं जमेल तेवढं व्हीएमवर, म्हणजे आभासी मशीनवर, करायचं ठरवलंय. आपल्या भागात हार्डवेअर बनवणारी छोटी युनिटं आहेत, त्यांच्यावरही ही वेळ येणार, म्हणून हे तारखेनुसार लिहून ठेवतोय.

१२ फेब्रुवारी

एचएलकेचे दोन भाग. कंट्रोलर सर्व्हरवर बसतो, त्यात एसक्यूएल एक्सप्रेसचा डेटाबेस आणि चाचण्या लावायचं स्टुडिओ हे ॲप. ज्या मशीनवर चाचणी चालते तो क्लायंट. एचएलकेची आवृत्ती ही चाचणीखालच्या विंडोजशी जुळावी लागते: एलटीएससी २०१९ साठी विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीची एचएलके, सर्व्हर २०२२ साठी त्याची वेगळी. म्हणजे कंट्रोलरही दोन.

दोन्ही कंट्रोलर व्हीएममध्ये टाकले. कंट्रोलरचं काम फक्त कामं वाटणं आणि निकाल साठवणं, त्याचा कार्डाशी संबंध नाही. त्यामुळे इथे व्हीएमच बरा. मायक्रोसॉफ्ट व्हीएचएलके नावाची तयार डिस्कही देतं, पण ती हायपर-व्ही या त्यांच्याच व्हीएम चालवणाऱ्या सोयीसाठी आहे. आमचा होस्ट, म्हणजे व्हीएम ज्यावर चालतात ते मशीन, लिनक्स आणि त्याच्या केव्हीएमवर आहे, कारण कार्ड व्हीएमला थेट जोडण्याचं काम तिथे हातातलं आहे. हायपर-व्हीमध्ये हीच सोय डीडीए नावाने मिळते, पण त्यासाठी होस्टही विंडोज सर्व्हर लागतो.

होस्ट सहा कोरचा, मेमरी १६ जीबी. दोन कंट्रोलरना चार-चार जीबी दिल्यावर क्लायंटच्या वाट्याला फार काही उरलं नाही. प्रत्येक क्लायंटला दोन जीबी. हा दोन जीबीचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो महागात पडला.

१५ फेब्रुवारी

कार्ड व्हीएमला द्यायला लिनक्सची व्हीएफआयओ ही सोय वापरली. बायोसमध्ये व्हीटी-डी चालू, कर्नलला आयओएमएमयू (कार्डाने कोणत्या मेमरीत लिहायचं यावर पहारा ठेवणारा भाग) चालू करायला सांगितलं, तरी कार्ड सुटेना. कारण आयओएमएमयू ग्रुप. आमचं कार्ड चिपसेटच्या स्लॉटमध्ये होतं आणि त्याच ग्रुपात होस्टचं नेटवर्क कार्डही बसलं होतं. ग्रुप द्यायचा तर अख्खा द्यावा लागतो. ग्रुप फोडणारा कर्नलचा पॅच मिळतो, पण तो सुरक्षेची भिंत पाडून काम भागवतो. चाचणीच्या मशीनवर तो नको. कार्ड काढून थेट प्रोसेसरला जोडलेल्या स्लॉटमध्ये घातलं, ग्रुप वेगळा झाला.

तुम्ही होस्ट विकत घेणार असाल तर आधी त्याच मॉडेलच्या बोर्डाचे ग्रुप कसे पडतात ते बघून घ्या. अर्धा दिवस वाचेल.

दुसरी अडचण स्नॅपशॉटची, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची अवस्था जपून ठेवण्याची. खरं कार्ड जोडलेल्या चालू व्हीएमचा मेमरीसकट स्नॅपशॉट घेता येत नाही. व्हीएम बंद करून फक्त डिस्कचा घ्यावा लागतो. तेवढाही पुरतो.

१८ फेब्रुवारी

क्लायंट कंट्रोलरच्या एचएलकेइन्स्टॉल या शेअरवरूनच बसवायचा असतो. बसवला की मशीन डीफॉल्ट पूलमध्ये, म्हणजे मशीनच्या गटात, दिसतं. आपला पूल करायचा, मशीन तिकडे ओढायचं आणि 'नॉट रेडी'चं 'रेडी' करायचं. हे शेवटचं विसरलं तर चाचण्या नुसत्या रांगेत बसतात, चूक काही दिसत नाही.

स्नॅपशॉट कधी घ्यावा हेही इथेच सांगतो. क्लायंट कंट्रोलरशी जोडल्यावर घेतलेल्या स्नॅपशॉटवर मागे गेलं की कंट्रोलरच्या डेटाबेसमधली मशीनची स्थिती आणि खुद्द मशीन यांचा मेळ बसत नाही. मशीन 'रनिंग' दाखवतं आणि प्रत्यक्षात काहीच चालू नसतं. स्नॅपशॉट क्लायंट बसवायच्या आधीचा ठेवावा आणि परतल्यावर क्लायंट नव्याने बसवावा. वेळ जास्त जातो, पण निकालावर विश्वास ठेवता येतो.

आमच्या कार्डासाठी एचएलकेत वेगळा वर्ग नाही, त्यामुळे ते 'अनक्लासिफाइड'मध्ये जातं आणि डिव्हाइस फंडामेंटल्सच्या चाचण्या लागू होतात: कार्ड बंद-चालू करणं, काढून बसवणं, रीबूट, झोप, आणि या सगळ्याच्या आधी-नंतर कार्डावर लिहिणं-वाचणं. मेख या लिहिण्या-वाचण्यात आहे. डिस्क, नेटवर्क अशा ओळखीच्या वर्गांसाठी एचएलकेकडे तयार सिंपल आयओ प्लगइन असतात. आमच्यासारख्या कार्डाला आपलं आपण लिहावं लागतं. नाही लिहिलं तर चाचणी कार्डावर खरा भार टाकतच नाही आणि हिरवी खूण फुकट मिळते.

प्लगइन लिहायला वेळ घेतला. एफपीजीए ठरलेला नमुना डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट, मेमरीत पाठवतो, प्लगइन तो बाइट-बाइट ताडून बघतं. पुढे जे दोन मोठे दोष सापडले ते या ताडण्यामुळेच.

२१ फेब्रुवारी

पहिली फेरी व्हीएमवर, विंडोज १० एलटीएससी. आयएनएफची, म्हणजे ड्रायव्हर कसा बसवायचा ते सांगणाऱ्या फाइलची, तपासणी नापास: जुन्या पद्धतीने फायली ठरलेल्या सिस्टीम फोल्डरमध्ये टाकणाऱ्या ओळी राहून गेल्या होत्या. ड्रायव्हर स्टोअरमधूनच चालेल अशी आयएनएफ फाइल केली.

मग हायपरव्हायझर कोड इंटिग्रिटीची, म्हणजे कर्नलच्या मेमरीत भलता कोड चालू नये हे बघणारी, चाचणी नापास. ड्रायव्हरमध्ये एका जागी जुन्या पद्धतीने नॉनपेज्ड पूल (डिस्कवर न हलवली जाणारी कर्नलची मेमरी) मागितला होता, आणि तशी मेमरी कोड चालवण्याजोगी मिळते. मेमरी मागायचं नवं फंक्शन एक्सअलोकेटपूल२ वापरावं तर ते विंडोज १० च्या २००४ आवृत्तीपासून पुढेच आहे, एलटीएससी २०१९ वर नाही. म्हणून दोन्हीकडे चालणारं, शून्याने भरून देणारं जुन्या आवृत्त्यांसाठीचं रूप घेतलं आणि पूल नॉन-एक्झिक्यूटेबल केला.

अशा दोषांसाठी व्हीएमसारखी जागा नाही. मशीन पडलं, डीबगर आधीच जोडलेला, स्टॅक बघितला, दुरुस्त केलं, स्नॅपशॉटवर परतलो, पुन्हा लावलं. एका दुपारीत जेवढं झालं तेवढं फिजिकल मशीनवर आठवडाभर पुरलं असतं.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

युनिट बंद. वेरूळच्या रस्त्यावर गर्दी म्हणून अर्धे लोक आदल्या दिवशीच गावाकडे निघाले. लांबलचक चाचण्या लावून आम्हीही घरी गेलो.

दुपारी वीज गेली. संगणक यूपीएसवर होते, पण नेटवर्कचा स्विच भिंतीच्या सॉकेटवर. होस्टवरच्या व्हीएमना फरक पडला नाही, त्यांचं नेटवर्क होस्टच्या आतच आहे. ज्या जुन्या लॅपटॉपवर आम्ही सर्व्हर २०२२ च्या इन्स्टॉलेशनची चाचणी लावली होती, त्याचा कंट्रोलरशी संपर्क तुटला. मशीन 'डीबग' स्थितीत गेलं आणि मागची सगळी रांग अडकली. वीज आल्यावरही ते आपोआप सुटत नाही: चाललेली कामं रद्द करून मशीन पुन्हा 'रेडी' करावं लागतं.

स्विच यूपीएसवर घेतला. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या तोंडावर वीज जाणं धरूनच चालावं लागतं. रात्रभर चालणाऱ्या चाचण्यांमध्ये स्विच, राउटर, डीबगरचं मशीन, सगळ्यांना यूपीएस हवा. बॅटरी जुनी असेल तर आधी बदला. आमची बदलली, चार हजारांच्या आसपास खर्च आला.

३ मार्च

व्हीएमवर जवळपास सगळं हिरवं. मधल्या काळात दोन गोष्टी निस्तरल्या.

सर्व्हरसाठी प्रोसेसर ग्रुपची चाचणी असते. प्रोसेसर मुद्दाम छोट्या गटांत विभागून ड्रायव्हर पहिल्या गटाबाहेर नीट चालतो का ते बघतात. विंडोजच्या बीसीडीएडिट या आज्ञेने गटाचा आकार दोन ठेवला, पण व्हीएमला प्रोसेसरच दोन दिले होते. दुसरा गट पडणार कुठून? चार दिल्यावर चाचणीला अर्थ आला.

दुसरी गोष्ट रिसेटची. आमच्या कार्डात फंक्शन लेव्हल रिसेट, म्हणजे तेवढंच कार्ड मूळ अवस्थेत आणण्याची सोय, नाही. डीएमए चालू असताना व्हीएम पडला की एफपीजीएतलं डीएमएचं लॉजिक अर्धवट अवस्थेत राहायचं आणि पुढच्या व्हीएमला कार्ड बिथरलेलं मिळायचं. होस्ट पूर्ण बंद करून चालू केल्याशिवाय ते ताळ्यावर येत नव्हतं. एफपीजीए बघणाऱ्या ताईंनी बसचा रिसेट डीएमएच्या लॉजिकपर्यंत नेला. ही दुरुस्ती व्हीएममुळेच झाली. फिजिकल मशीनवर माणूस पडलेलं मशीन बटण दाबून बंद करतो, त्यामुळे हे कधी पुढे आलं नसतं.

झोपेची चाचणीही पास. 'डीएफ - स्लीप विथ आयओ बिफोर अँड आफ्टर'. लिबव्हर्टच्या, म्हणजे व्हीएम सांभाळणाऱ्या साधनाच्या, एक्सएमएलमध्ये मेमरीत झोपण्याची परवानगी द्यावी लागते, ती दिली. व्हीएम झोपतो, उठतो, नमुना बरोबर जुळतो. हायपर-व्हीच्या व्हीएमवर हे करूनच बघता आलं नसतं, तिथे स्टँडबायची अवस्था पाहुण्या विंडोजला मिळत नाही.

मालक म्हणाले, "मग पाठवून देऊ की." मी नको म्हणालो. व्हीएम झोपला होता, पण ज्या स्लॉटमध्ये कार्ड आहे तो होस्ट टक्क जागा होता. कार्डाला झोप लागलीच नाही, त्याची परीक्षा झाली असं कसं म्हणायचं? प्रमाणपत्र कार्डाचं आहे आणि कार्ड गिऱ्हाइकाच्या फिजिकल मशीनमध्ये बसणार आहे.

६ मार्च

शहरातल्या ओळखीच्या दुकानातून जुना ब्रँडेड डेस्कटॉप घेतला, साडेअठरा हजार. त्यात १६ जीबी मेमरी, यूईएफआय, सिक्युअर बूट आणि मेमरीत झोपण्याची एस३ अवस्था. घेण्याआधी दुकानातच पॉवरसीएफजी /ए ही आज्ञा चालवून एस३ आहे याची खात्री केली. काही नव्या मशीनमध्ये त्याऐवजी मॉडर्न स्टँडबाय असतं आणि मग ही चाचणी वेगळ्याच वाटेने जाते.

फिजिकल मशीनवर स्नॅपशॉट नाही. दोन स्वस्त एसएसडी घेतल्या, एकीवर एलटीएससी, दुसरीवर सर्व्हर २०२२, आणि दोन्हींच्या कोऱ्या प्रतिमा यूएसबी डिस्कवर. मागे परतायचं म्हणजे प्रतिमा पुन्हा ओतायची. व्हीएमवर जे क्षणात होतं त्याला इथे चहा पिऊन यावं लागतं.

१० मार्च

फिजिकल मशीनवर पहिल्याच संध्याकाळी पडझड. आणि दर वेळी वेगळा बगचेक, म्हणजे विंडोज कोसळताना दिसणारा त्रुटीचा कोड. एकदा मेमरी मॅनेजर, एकदा फाइल सिस्टीम, एकदा तर आमचा ड्रायव्हर स्टॅकवर कुठेच नाही. व्हीएमवर सुरळीत चाललेला तोच ड्रायव्हर, तीच फाइल.

हार्डवेअर बघणारे मामा म्हणाले, "मशीनच खराब दिलंया त्यानं. मेमरी बदलून बघा." मेमरी तपासली, चांगली निघाली. कार्ड काढून ठेवलं तर मशीन रात्रभर ठणठणीत. म्हणजे गडबड आमच्याकडेच.

ड्रायव्हरच्या चुका पकडणाऱ्या विंडोजच्या ड्रायव्हर व्हेरिफायरची डीएमए तपासणी चालू होती, पण त्याने तक्रार केली नाही. यात दोन-तीन संध्याकाळी गेल्या.

१३ मार्च

सापडलं, आणि तेही परत व्हीएमवर.

ड्रायव्हर विंडोजला सांगत होता की कार्डाचं डीएमए ६४-बिट आहे. एफपीजीएतल्या डीएमएच्या लॉजिकमध्ये मात्र पत्त्याचे खालचेच ३२ बिट जोडलेले. विंडोजने चार जीबीच्या वरचा बफर दिला की कार्ड वरचे बिट सोडून भलत्याच जागी लिहायचं. त्या जागी जे असेल ते मोडायचं, म्हणून दर वेळी वेगळा बगचेक. व्हेरिफायर गप्प राहिला कारण आम्ही ६४-बिट म्हटलं होतं आणि त्या हिशोबाने बफर बरोबरच होता.

आमची आजवरची गिऱ्हाइकं बहुतेक ३२-बिट विंडोज १० वर. तिथे सगळी मेमरी चार जीबीच्या आतच. आणि व्हीएमला दोन जीबी! तिथेही तेच. म्हणून कुठेच दिसलं नाही.

शंका आल्यावर एक कंट्रोलर बंद करून व्हीएमची मेमरी सहा जीबी केली. चाचणी लावताच व्हीएम पडला आणि होस्टच्या कर्नल लॉगमध्ये डीएमएआर फॉल्टच्या ओळी आल्या. आयओएमएमयूने कार्डाला व्हीएमच्या मेमरीबाहेर लिहिताना पकडलं होतं, पत्त्यासकट. ड्रायव्हरच्या ट्रेसमध्ये आम्ही दिलेला पत्ता, लॉगमध्ये कार्डाने वापरलेला पत्ता, दोन्ही शेजारी ठेवले: खालचे आठ हेक्स अंक तेच, वरचा एक गायब. फिजिकल मशीनवर हा दोष कळला, पण तिथे त्याचं मूळ दिसत नव्हतं. व्हीएमच्या होस्टने बोट ठेवून दाखवलं.

डीएमए प्रोफाइल ३२-बिट केलं. आता चार जीबीच्या वरच्या बफरसाठी विंडोज मधला बफर वापरतं. वेग थोडा कमी होतो, आमच्या नमुन्यांच्या दराला तो पुरतो. एफपीजीएत ६४-बिट पत्ता पुढच्या आवृत्तीत.

क्लायंट व्हीएमला चार जीबीपेक्षा कमी मेमरी कधीही देऊ नका. मेमरी नसेल तर कंट्रोलर दुसऱ्या मशीनवर न्या, पण क्लायंटची काटू नका.

१८ मार्च

झोपेची चाचणी फिजिकल मशीनवर. मशीन झोपलं, उठलं, कधी कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून नाहीसं, कधी स्क्रीन काळी राहून काही वेळाने बगचेक ९एफ, म्हणजे ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर. रीबूटच्या चाचण्या मात्र सगळ्या पास. मामांनी दोन-चारदा हाताने झोपवून-उठवून बघितलं आणि म्हणाले, "चालू केलं की दिसतंय, झोपून उठलं की दिसंना झालंय." तपास या एका वाक्यावरूनच सुरू झाला.

९एफचा डंप बघितला. ड्रायव्हर कार्ड जागं झाल्यावर स्टेटस रजिस्टरमधला 'बिझी' बिट शून्य व्हायची वाट बघत लूपमध्ये अडकलेला. ज्या पीसीआय कार्डाकडून उत्तर येत नाही त्याचं रजिस्टर वाचलं तर सगळे बिट एक येतात. 'बिझी'ही एक. म्हणजे कार्ड जागेवर नाही आणि ड्रायव्हर ते कामात आहे असं समजून अनंतकाळ थांबलाय.

ड्रायव्हरमधली दुरुस्ती लगेच केली. आधी आवृत्तीचं रजिस्टर वाचायचं, सगळे बिट एक आले तर कार्ड नाही असं धरून चूक परत करायची, आणि लूपला मुदत. ९एफ थांबला. पण कार्ड नाहीसं होणं चालूच. चाचणी अजून लालच.

२१ मार्च

ताईंनी ऑसिलोस्कोप लावला. एका चॅनेलवर स्लॉटची रिसेट तार, दुसऱ्यावर एफपीजीएची 'डन' तार, जी डिझाइन पूर्ण भरल्यावर वर जाते. बोर्डावर 'डन'चा हिरवा एलईडीही आहे. मशीन उठवलं: पंखा फिरला, कीबोर्डचा दिवा लागला, स्क्रीन आली, आणि त्यानंतर कार्डावरचा हिरवा एलईडी लागला. विंडोज उठून बसेपर्यंत कार्ड डोळे चोळत होतं.

एस३ मध्ये स्लॉटची मुख्य १२ आणि ३.३ व्होल्टची वीज जाते, फक्त ३.३ ची सहायक वीज राहते. एफपीजीए रिकामा होतो आणि उठताना कार्डावरच्या फ्लॅश चिपमधून पुन्हा भरावा लागतो. पीसीआय एक्सप्रेसचा नियम असा: वीज स्थिर झाल्यावर रिसेट सुटायला किमान १०० मिलिसेकंद, रिसेट सुटल्यावर २० मिलिसेकंदांत कार्डाने लिंक जोडायला सुरुवात करायची, १०० मिलिसेकंदांनंतर सिस्टीम कॉन्फिगरेशनची विचारणा करू शकते. म्हणजे हातात साधारण १२० मिलिसेकंद.

आमचा हिशोब बघा. ३५टीची बिटस्ट्रीम, म्हणजे त्यात भरायची फाइल, १,७५,३६,०९६ बिटांची. फ्लॅश एका तारेवर, ३३ मेगाहर्ट्झने वाचली जात होती. भागाकार केला तर अर्ध्या सेकंदाच्या वर. स्कोपवरही तेच दिसलं. थंड मशीन चालू करताना बायोस स्वतःची तपासणी करण्यात कितीतरी जास्त वेळ घेतो, तोवर कार्ड तयार होतं. रीबूटला तर वीज जातच नाही. झोपेतून उठताना बायोस घाईत असतो, तिथेच कार्ड मागे पडतं.

आणि व्हीएम झोपल्यावर स्लॉटची वीज जातच नसल्याने एफपीजीए एकदाही रिकामा झाला नव्हता. मार्चच्या सुरुवातीची ती हिरवी खूण ड्रायव्हरच्या सॉफ्टवेअरपुरती खरी होती. कार्डाबद्दल ती काहीच सांगत नव्हती.

२४ मार्च

बोर्डावर फ्लॅशच्या चारही डेटा तारा आधीपासून ओढलेल्या होत्या, सेटिंग एकीचं होतं. रुंदी चार केली, क्लॉक ५० मेगाहर्ट्झ. हिशोबाने सुमारे ८८ मिलिसेकंद. पण एफपीजीएला वीज मिळाल्यावर भरायला सुरुवात होण्याआधीचा वेळ वेगळा, आणि आतल्या क्लॉकमध्ये तफावतही बरीच असते. काठावर राहून चालणार नव्हतं, म्हणून बिटस्ट्रीमचं कॉम्प्रेशन चालू केलं. आमच्या डिझाइनमध्ये बरीच जागा रिकामी असल्याने फाइल निम्म्याच्या आसपास आली. स्कोपवर आता 'डन' रिसेटच्या आधी वर जाते. गरम-थंड दोन्हीत बघितलं: दुपारी बंद पत्र्याच्या शेडमध्ये ठेवून आणि पहाटे. दोन्हीकडे ठीक.

पैसे शून्य लागले. नवा बोर्ड नाही, नवा भाग नाही. वेळ मात्र गेला, आणि तो या अख्ख्या कामातला सगळ्यात सत्कारणी लागलेला वेळ आहे. हे कार्ड गिऱ्हाइकाकडे झोपेतून उठताना नाहीसं झालं असतं तर आम्ही महिनाभर केबल आणि अर्थिंग तपासत बसलो असतो.

३० मार्च, पाडवा

सकाळी युनिटवर गुढी उभारली आणि दोन्ही आवृत्त्यांची पूर्ण फेरी फिजिकल मशीनवर नव्याने लावली. आधीचे व्हीएमवरचे निकाल पॅकेजमध्ये घेणार नाही. कंट्रोलर तेच, व्हीएममधलेच.

यापुढे आमच्याकडे कोणता बदल कुठे तपासायचा हेही ठरलं. आयएनएफ, इन्स्टॉल-अनइन्स्टॉल, मेमरीच्या चुका, आयओसीटीएलवर (ॲपकडून ड्रायव्हरला जाणाऱ्या आज्ञांवर) वाकडेतिकडे इनपुट टाकणाऱ्या फझ चाचण्या, प्रोसेसर ग्रुप, भटका डीएमए: रोजच्या बिल्डला व्हीएमवर. वीज, झोप, लिंक, इंटरप्टची वेळ, कार्ड अचानक निघून जाणं: फिजिकल मशीनवर, आणि एफपीजीएची फाइल बदलली की दर वेळी. पोर्टलवर जाणारं सगळं फिजिकल मशीनवरचं.

९ एप्रिल

उरलेली कागदपत्रं. सर्व्हरसाठी स्टॅटिक टूल्स लोगो टेस्टला डीव्हीएल फाइल लागते, ती ड्रायव्हरच्या कोडच्या तपासणीच्या निकालांवरून तयार करावी लागते. २०२२ साठी त्यात कोडक्यूएल या कोड तपासणाऱ्या साधनाचा निकाल हवा. तो चालवल्यावर दोन इशारे आले, दोन्ही रास्त. त्यातला एक असा: एका ठिकाणी परतलेला स्टेटस तपासलाच नव्हता. दुरुस्ती केली की बायनरी बदलते आणि चाचण्या पुन्हा चालवाव्या लागतात. म्हणून हे काम शेवटी ठेवू नका. कोडक्यूएल पहिल्याच आठवड्यात चालवा. आम्हाला पाडव्याची अख्खी फेरी पुन्हा लावावी लागली.

पॅकेज करण्याआधी एचएलकेचे ताजे फिल्टर घातले. किटमधल्याच माहीत असलेल्या दोषांमुळे पडलेल्या चाचण्या ते वगळतात. एक लाल खूण तशी गेली. बाकी कुठलीही लाल खूण फिल्टरच्या भरवशावर सोडली नाही.

निकालांची दोन्ही एचएलकेएक्स पॅकेजं नव्या आवृत्तीच्या स्टुडिओत एकत्र केली, ईव्ही (कंपनीची कसून पडताळणी करून मिळणाऱ्या) प्रमाणपत्राच्या टोकनने सही केली, पोर्टलवर चढवली. टोकन एकच आणि ते मालकांच्या कपाटात असतं, त्यामुळे सही करायच्या दिवशी ते गावात आहेत ना हे आधी विचारून ठेवा.

१६ एप्रिल

सबमिशन मंजूर. कॅटलॉग फाइल मायक्रोसॉफ्ट विंडोज हार्डवेअर कंपॅटिबिलिटी पब्लिशरच्या सहीने परत आली. जालन्याला जाऊन सर्व्हर २०२२ वर बसवली, सही तपासली, ड्रायव्हर लोड झाला, भट्टीजवळच्या सेन्सरचं तापमान दिसू लागलं.

राहिलेलं काम जुन्या कार्डांचं. बाहेर गेलेल्या कार्डांमध्ये अजून एका तारेवरून भरणारी बिटस्ट्रीम आहे. नवा ड्रायव्हर आवृत्तीचं रजिस्टर वाचतो. जुनी आवृत्ती दिसली तर इव्हेंट लॉगमध्ये नोंद करतो आणि आमचं सेटिंगचं ॲप फ्लॅश बदलायला सुचवतं. फ्लॅश लिहिताना वीज गेली तर कार्ड मुकं होऊ नये म्हणून मूळ प्रतिमा जागेवर ठेवून नवी वरच्या पत्त्यावर लिहिण्याची सोय ताई करताहेत. ती फिजिकल मशीनवर मुद्दाम प्लग काढून तपासायची आहे, त्यानंतरच गिऱ्हाइकांकडे जाईल. तोपर्यंत जुन्या कार्डांच्या मशीनवर झोप बंद ठेवायला सांगितलंय.